सही घेण्याआधी

गावभाग, सांगली

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दादा गेले, आता वहिनींच्या नावची सव्वा एकर द्राक्षबाग हक्कसोडपत्र करून तुझ्या नावावर घ्यावी, असं मामा म्हणतात, चुलते म्हणतात. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारेही म्हणाले, "प्रार्थना केली, देवाची हीच इच्छा दिसते." त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली. मामा-चुलत्यांचं एवढं वाटलं नाही.

कारण असंच वाक्य मी ऐकलंय. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर चढली होती. धोक्याची पातळी ४५. माझ्या दुकानात पाणी शिरलं, पण दोन्ही शिलाई मशीन आणि कापडाचे तागे मी आदल्या रात्रीच माडीवर चढवले होते. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मन डळमळत होतं. इतक्यात एका देवभीरू, वयस्कर माणसाने खांद्यावर हात ठेवला. "देवच देतोय, नाही म्हणू नको." खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मला लहानपणी चर्चच्या शब्बाथ शाळेपासून पाठ. तरी तागे वाहून गेले असं सांगितलं आणि सही केली. हे तुला आजपर्यंत बोललो नव्हतो.

त्या हिवाळ्यात रोजच्या वाचनात बायबलमधला १ राजे, अध्याय १३ आला. तू पुन्हा वाच, सावकाश वाच. यहूदा देशातला एक देवाचा माणूस, म्हणजे संदेष्टा, बेथेलला जातो आणि यरोबाम राजाच्या तोंडावर वेदीविरुद्ध बोलतो. राजा घरी बोलावतो, देणगी देऊ करतो. हा म्हणतो, अर्धं घर दिलंस तरी येणार नाही. इथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही, आल्या वाटेने परतायचं नाही, असं देवाने सांगितलंय. राजाला नाही म्हणणं त्याला जमलं. मग तो झाडाखाली बसला असताना एक म्हातारा संदेष्टा गाढवावरून आला आणि म्हणाला, मीही तुझ्यासारखाच संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितलं, याला घरी आणून जेवू घाल. शास्त्र तिथेच सांगतं की तो खोटं बोलला. पण हा उठला, गेला, जेवला. परतताना वाटेत सिंहाने त्याला मारलं. सिंहाने प्रेत खाल्लं नाही, गाढवालाही हात लावला नाही. दोघे नुसते प्रेताशेजारी उभे राहिले. भुकेल्या जनावराने आज्ञा पाळली आणि देवाच्या माणसाने मोडली, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

परक्याला नाही म्हणता येतं रे. आपल्यातलाच माणूस आपल्याच भाषेत, देवाचं नाव घेऊन बोलला की आपण विरघळतो. त्या माणसाने एवढंच विचारायला हवं होतं, की देवाने मला सांगितलेलं बदलायचं असेल, तर तो ते मला का सांगणार नाही?

मी पुराच्या भरपाईचे ते पैसे परत करायला गेलो. तीन खेपा झाल्या, चौथ्या खेपेला ते भरून घेतले. बायकोने त्यासाठी भिशीचे पैसे दिले आणि एक शब्द बोलली नाही.

सल्ला घेऊच नये असं मी म्हणत नाही. मोशेने सासऱ्याचा, इथ्रोचा सल्ला ऐकलाच की. पण इथ्रोने त्याला सांगताना, देवाने तशी आज्ञा दिली तर, हे शब्द जोडले होते. बागेची छाटणी कधी घ्यायची, कर्ज कोणत्या बँकेतून काढायचं, हे दहा जणांना विचार. विधवेला गांजू नका, हे निर्गमच्या २२ व्या अध्यायात लिहिलेलं आहे. त्यावर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करून वेगळं उत्तर आणायचं काही उरलेलं नाही. त्यांचा मान ठेव, त्यांना उलटून बोलू नकोस. पण तो अध्याय त्यांच्यासमोर उघडून ठेव.

"वहिनी एकटी, ती काय बाग कसणार?" असं तू लिहिलंस. मग वाट्याने तू कस, आणि बेदाणा विकून त्याची पट्टी, म्हणजे हिशेब, झाली की तिचा हिस्सा तिच्या हातात दे. हे तिच्याशी बोललास का? तुझ्या चार पानांत तिचं एकही वाक्य नाही.

रविवारी उपासना झाली की तासगावहून एसटीने निघ, दुपारी जेवायला आमच्याकडे ये. वहिनींना घेऊन ये. तो कागदही आण, पण कोरा.

तुझाच,
गावभागातला शिंपी