तीन मांजरं, एक खाणं

परभणी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितोय. तिन्ही मांजरांना एकच खाणं लावायचं, वेगवेगळी पाकिटं परवडत नाहीत आणि ड्युटीवरून आल्यावर तीन ताटल्या सांभाळायचं त्राण उरत नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. एकच खाणं चालवता येतं. पण ते कोणतं, हे मनीच्या रक्ताच्या तपासणीवर ठरेल. म्हणून नवी बॅग घ्यायच्या आधी हे वाच.

चिंगी चार महिन्यांची, ऐन वाढीची. भुऱ्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, साडेसहा किलोचा, आणि मागच्या उन्हाळ्यात लघवी तुंबून कॅथेटर लावायची पाळी आलेला. मनी तेराव्या वर्षात. वजन उतरतंय आणि सारखी पाण्याच्या भांड्यापाशी असते, असं तू बोलता बोलता सांगितलंस. माझं लक्ष तिथंच अडकलं. म्हातारं मांजर पाणी जास्त प्यायला लागलं आणि त्याची पाठ हाताला लागू लागली, की मूत्रपिंड, थायरॉईड किंवा मधुमेह यांतलं काहीतरी असण्याची शक्यता मोठी. तिन्हींचं खाणं वेगळं असतं. तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारं), फॉस्फरस, साखर, टी-४ (थायरॉईडची तपासणी) आणि लघवी, एवढं तपासून घे. क्रिएटिनिन १.६ किंवा त्याच्या वर राहिलं आणि लघवीही पातळच येत असली, तर मूत्रपिंडाचा आजार दुसऱ्या टप्प्यात धरतात आणि तिथून खाणं बदलायला सांगतात. तिकडं जमलं नाही तर तिला घेऊन ये. आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवू. मी नोकरीत असताना आमच्या दवाखान्यात मांजर क्वचित यायचं, म्हशी, बैल आणि शेळ्यांचीच रांग. आता लोक टोपलीत घालून मांजरं आणतात, ते बघून बरं वाटतं.

समजा मूत्रपिंडाचा आजार निघाला. मग मनीला औषधी खाणं लागेल: फॉस्फरस कमी, प्रोटीन बेताचं, आणि अंगात आम्ल साठू न देणारं. तुझी मैत्रीण म्हणते तसं तेच सगळ्यांना घालायचं, हे मात्र मला बिलकूल मान्य नाही. त्या खाण्यावर चिंगीची हाडं आणि स्नायू भरणार नाहीत. भुऱ्याची लघवी त्याने अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला झुकेल, आणि स्ट्रुव्हाइट या खनिजाचे खडे अशाच लघवीत धरतात. एकदा तुंबलेल्या बोक्याला ती जोखीम कशाला? उलट केलंस, म्हणजे भुऱ्यासाठी लघवीचं औषधी खाणं आणून मनीला घातलंस, तर त्यातली बरीच खाणी लघवी आम्ल करणारी असतात, आणि थकलेल्या मूत्रपिंडांना आम्ल बाहेर टाकणंच जड जातं. दोन्ही खाणी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. तेव्हा औषधी खाणं ज्याचं त्यालाच.

तपासणी चांगली आली, तर एकच खाणं खुशाल घे, आणि ते चिंगीच्या मापाचं घे. मोठ्या मांजराचं खाणं पिलाला कमी पडतं, पण पिलाला पुरणारं खाणं निरोगी मोठ्या मांजराला चालतं, फक्त प्रमाण सांभाळावं लागतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' असं लिहिलेलं शोध, आणि 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द. अमेरिकेत पशुखाद्याची मापं ठरवणाऱ्या आफ्को या संस्थेच्या मापात वाढत्या पिलांसाठी पाणी वगळून किमान ३० टक्के प्रोटीन धरलंय, मोठ्यांसाठी २६. 'सीनियर' या शब्दाला त्यांच्याकडे वेगळं मापच नाही, म्हणून पाकिटावरच्या म्हाताऱ्या मांजराच्या फोटोला भुलू नकोस. निरोगी म्हाताऱ्या मांजराचं प्रोटीन तोडायची गरज नसते. बाराव्या वर्षानंतर कित्येकांना प्रोटीन नीट पचत नाही आणि स्नायू झडतात, म्हणजे मनीला चांगलं मांसाचं खाणं हवंच आहे.

ओलं घ्यावं की कोरडं? माझं मत ओल्याच्या बाजूने, निदान अर्धं तरी. मांजर मुळात तहानेला मंद. कोरड्या खाण्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास, ओल्यात ८०. भुऱ्याचे तेव्हा खडे निघाले नव्हते, मूत्राशयाची सूज होती, आणि तिच्यावर लघवी पातळ ठेवणं हाच मोठा उपाय. मनीलाही पाणी हवंच. ओल्या पाऊचवर १० टक्के प्रोटीन बघून तू नाक मुरडशील, म्हणून हिशेब सांगतो. १०० ग्रॅममधलं ८० ग्रॅम पाणी काढलं की उरलं २०, त्यातलं १० प्रोटीन, म्हणजे निम्मं. कोरड्यावर ३२ लिहिलेलं असतं, १० टक्के पाणी काढलं की ते साधारण ३६ होतं. तुलना नेहमी पाणी काढून कर.

आता प्रमाण. भांडं दिवसभर भरून ठेवायची पद्धत बंद कर, भुऱ्याचं पोट तिथंच वाढलंय. नसबंदीनंतर बोक्याची गरज घटते आणि भूक वाढते. त्याला दिवसाला २०० कॅलरींच्या आसपास पुरे, म्हणजे नुसतं कोरडं दिलं तर ५० ते ५५ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजून घाल, वाटीने अंदाज चुकतो. वजन आठवड्याला ३० ते ६० ग्रॅमच उतरू दे. आणि चिंगी दोन किलोची झाली तरी चार किलोच्या मोठ्या मांजराइतकं किंवा त्याहून जास्त खाईल. तिला रोखू नकोस, दिवसात तीन-चार वेळा दे.

ताटल्या वेगळ्या ठेवायला महागडं यंत्र नको. कूलरचं रिकामं खोकं असेल ना? त्याच्या एका बाजूला चिंगी जाईल आणि भुऱ्याचं डोकं अडकेल एवढं गोल भोक पाड, कडेला चिकटपट्टी लाव म्हणजे तिला खरचटणार नाही. तिची ताटली आत. ती वाढेल तसं भोक मोठं करावं लागेल, पण तोवर भुऱ्याला सवय लागलेली असेल. मनीला स्वयंपाकघरात दार लावून बसव. वीस-पंचवीस मिनिटांत उरलेलं उचल. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओलं खाणं तासाभरात वास मारतं, ते परत घालू नकोस.

आई म्हणते, शेतातल्या आखाड्यावरच्या मांजरी दूध-भाकरीवर जगल्या की. जगल्या, पण भाकरीवर नाही. बळदातल्या जवारीवर येणारे उंदीर त्या अख्खे खायच्या, काळजासकट, हाडांसकट. टॉरिन हे मांसातलं पोषक द्रव्य त्यांना तिथून मिळायचं. मांजराचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं, की टॉरिन कमी पडलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होतं आणि वेळेत दिलं की सुधारतं. तुझ्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. नुसतं उकडलेलं चिकन आणि भात घालशील, तर कॅल्शियम नाही, आणि टॉरिन बरंचसं शिजवलेल्या पाण्यात उतरतं. कधीमधी चिकनचे दोन तुकडे दे, रोजचं जेवण म्हणून नको. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको. दूधही मोठ्या मांजराला सोसेलच असं नाही, पोट बिघडतं. आणि कुत्र्याचं खाणं शेजारी फुकट देत असले तरी घेऊ नकोस, त्यात मांजराला लागणारं टॉरिन असेलच याची खात्री नसते.

बदल एका दिवसात करू नकोस. आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं नवं मिसळ. मनीने तोंड फिरवलं तर भुकेली ठेवून हट्ट मोडायचा नाही; ओलं खाणं कोमट करून दे, वासाने खाते. तिला मळमळत असेल तर आधी ती थांबव, मग नवं खाणं, नाहीतर त्या वासाचीच तिला कायमची शिसारी बसेल. भुऱ्याने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर थांबू नकोस, लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचते. आणि तो मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसत असेल पण लघवी होत नसेल, तर रात्र आहे की रविवार हे बघू नकोस. रिक्षा कर आणि दवाखाना गाठ.

रिपोर्ट आला की फोटो पाठव, तिघांची वजनंही लिहून. पाकिटाच्या मागची बाजूही पाठव, समोरची नको. तपासणीचे पैसे मी टाकतो, त्यावरून वाद घालू नकोस.

तुझे,
अण्णा