पाणी कोण घालतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरात कुंडीत गांजा लावल्याची बातमी आली की, ‘दोन झाडांसाठी एवढं काय?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. गेल्या वर्षीपर्यंत मीही तेच म्हणालो असतो. मग आमच्याच गच्चीवरून पोलिसांनी दोन कुंड्या खाली उतरवल्या.

भाचा शिकायला माझ्याकडे असतो. झाडं त्यानेच लावली. तो आठवडाभर बाहेरगावी गेला तेव्हा पाणी मात्र मी घातलं. पंजासारखी, करवती कडांची पानं. काय आहे विचारलं तर “शोभेचं आहे, मामा” म्हणाला, आणि मला ते पटलं. पोलिसांनी मला पहिला प्रश्न केला तो ‘लावली कोणी’ असा नव्हताच. ‘पाणी कोण घालतं?’ असा होता. झाडं मुळासकट उपटली, माती झटकली, वजन केलं, पिशवीला लाखेचं सील लागलं. पंचांनंतर माझी सही घेतली. स्वतःच्या गच्चीवर उभा होतो आणि पेन हातात ठरत नव्हतं.

भाच्याने आपल्या परीने माहिती काढली होती, याचंच जास्त वाईट वाटतं. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी तीन झाडं लावता येतात, हे त्याला पाठ होतं. आपल्याकडे एक किलोपर्यंत गांजा ‘अल्प प्रमाणा’त मोडतो, हेही. नुसतं बी किंवा शेंड्याशिवायचं पान गांजाच्या व्याख्येत येत नाही, हे सुद्धा त्याने वाचलं होतं. यातलं काहीच खोटं नाही. पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ८ झाड लावायलाच मनाई करतं, सरकारी परवानगीचे अपवाद सोडले तर. आणि कलम २० मध्ये बाळगणं वेगळं, लागवड वेगळी. अल्प प्रमाणात बाळगल्यास शिक्षा एक वर्षापर्यंत. लागवडीला वजनाची ही पायरीच नाही: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर एक लाखापर्यंत दंड. शेत असो की कुंडी, कलम तेच. हे आम्हाला वकिलांनी सांगितलं, पण तोवर भाचा कोठडीत होता.

माझ्यापुरतं सांगायचं तर कलम २५. आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ दिला तर घरमालकालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा. मी अजाण होतो हे चौकशीत मान्य झालं आणि मी सुटलो. आरोपी झालो असतो तर कलम ३५ प्रमाणे न्यायालय आधी हेतू होता असंच धरून चालतं. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे मलाच सिद्ध करावं लागलं असतं. मुलांना किंवा भाडेकरूंना गच्ची, माळा, बंद खोली मोकळेपणाने वापरू देणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा वर जाऊन बघावं, विचारावं, आणि गुळमुळीत उत्तरावर थांबू नये. मी थांबलो.

भाच्याला जामीन मिळाला आहे, खटला चालू आहे. हजेरी आणि तारखा यांत त्याचं एक वर्ष गेलं. त्याने चूक केली हे मी नाकारत नाही. पण कायद्याचा अर्धाच भाग त्याच्यापर्यंत पोचला होता.

म्हणून आपल्याला एक कळकळीची विनंती. अशा कारवाईची बातमी देताना किती झाडं आणि किती वजन एवढंच छापू नका. लागवडीचं कलम आणि त्याची शिक्षा त्याच बातमीत एका ओळीत द्या, ठळक अक्षरात.

आपला,
एक मामा