पाळणाघरातल्या एकाच ताटाचे दोन भाव

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन इथे मी राहत्या घरी पाळणाघर चालवते. नोंदणीच्या नियमाप्रमाणे बाहेरची पाच मुले ठेवता येतात आणि माझ्याकडे पाचही जागा भरलेल्या आहेत. आपल्या वाचकांत इकडच्या नातवंडांचे आजी-आजोबा आणि त्या मुलांचे आईवडील पुष्कळ असतील, म्हणून हे पत्र.

घरगुती पाळणाघरातल्या मुलांच्या खाण्याचे पैसे इथले केंद्र सरकार देते. ‘चाइल्ड अँड अ‍ॅडल्ट केअर फूड प्रोग्रॅम’ हे पूर्ण नाव. आम्ही नुसते ‘फूड प्रोग्रॅम’ म्हणतो. पैसा केंद्राच्या कृषी खात्याचा. आमच्या राज्यात तो राज्याच्या कृषी खात्याकडून स्पॉन्सर संस्थेकडे, म्हणजे आम्हाला पैसे पोचवणाऱ्या आणि आमची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे, आणि तिथून आमच्याकडे येतो. एका मुलामागे दिवसाला दोन जेवणे आणि एक मधले खाणे, किंवा एक जेवण आणि दोन मधली खाणी, एवढेच धरतात. न्याहारीही जेवणातच मोजतात.

योजना फार चांगली आहे, हे आधी सांगते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या दुपारच्या ताटात पाऊण कप दूध, पाव कप भाजी, पाव कप फळ, शिवाय धान्य आणि प्रथिन हवेच. आपला स्वयंपाक त्यात छान बसतो. दिवसातून एकदा अख्ख्या धान्याचे काहीतरी लागते, तिथे कणकेची पोळी चालते. वरण मात्र एका जेवणात प्रथिन म्हणून तरी धरायचे नाहीतर भाजी म्हणून. दोन्हीकडे मोजता येत नाही. रोजचा मेनू, हजेरी, कोणाला काय वाढले, सगळे लिहून ठेवायचे. स्पॉन्सरकडून वर्षात तीन वेळा तपासणी होते, त्यातली निदान दोनदा न कळवता. या शिस्तीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लहान मुलांच्या तोंडात काय जाते हे कोणीतरी पाहिलेच पाहिजे.

तक्रार आहे ती भावाबद्दल. पूर्वी सगळ्या घरांना एकच दर होता. १९९६च्या कायद्याने घरांचे दोन गट केले आणि जुलै १९९७पासून ते लागू झाले. पाळणाघर कमी उत्पन्नाच्या वस्तीत असेल, किंवा चालवणारीचेच उत्पन्न कमी असेल, तर ‘टियर वन’; बाकी सगळी ‘टियर टू’. जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात टियर वनला दुपारच्या जेवणाचे ३ डॉलर १५ सेंट होते, टियर टूला १ डॉलर ९०. न्याहारीला अनुक्रमे १ डॉलर ६६ सेंट आणि ६० सेंट. मधल्या खाण्याला ९३ सेंट आणि २६ सेंट. न्याहारी, जेवण आणि एक खाणे धरले तर एका मुलामागे रोज जवळजवळ तीन डॉलरचा फरक पडतो. पाच मुलांचे पंधरा. माझे घर टियर टूमध्ये आहे. दुकानात दूध मात्र दोन्ही गटांना एकाच भावाने मिळते. जेवणाचे वेगळे पैसे आईवडिलांकडून घेता येत नाहीत, आणि घेऊही नयेत.

माझ्याकडच्या एका मुलाची आई गोदामात काम करते. कामाच्या वाटेवर पडते म्हणून ती मुलाला माझ्याकडे सोडते. तिची मिळकत माझ्या गल्लीवरून कशी ठरेल? जुलै २०२२ ते जून २०२३ या एका वर्षात ‘कीप किड्स फेड’ कायद्याने सर्व घरांना टियर वनचा दर दिला होता. त्या वर्षी मी डबाबंद फळे जवळजवळ बंद करून ताजी आणू लागले. मग दर पुन्हा खाली आला. हे दोन गट कायमचे रद्द व्हावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे मतदान करणाऱ्या वाचकांनी काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, आपल्या प्रतिनिधीला तसे जरूर लिहावे.

तोवर एक गोष्ट पालकांच्या हातात आहे. टियर टूच्या घरातही, ज्या मुलाच्या घरचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांच्या आत आहे, त्याच्या जेवणाला वरचा दर मिळतो. २०२४-२५मध्ये चौघांच्या कुटुंबाला ही मर्यादा वर्षाला ५७,७२० डॉलर होती. त्यासाठी उत्पन्नाचा अर्ज भरावा लागतो, आणि आपली माणसे नेमकी तिथेच मागे सरतात. कोणी म्हणते, आम्ही काय गरीब आहोत? कोणाला व्हिसाची भीती वाटते. अर्जात मुलाचे नागरिकत्व विचारत नाहीत. मोठ्या माणसाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसेल तर नाही म्हणून लिहिता येते. अर्ज थेट स्पॉन्सरकडे पाठवता येतो, म्हणजे तुमची कमाई मला कळण्याचा प्रश्नच नाही. यात कमीपणा कसला? पैसे तुमच्या मुलाच्या दुधाफळांचे आहेत.

तुमचे मूल, नातवंड घरगुती पाळणाघरात जात असेल तर तिथल्या बाईंना एवढे विचारा, की त्या फूड प्रोग्रॅममध्ये आहेत का आणि कोणत्या टियरमध्ये. टियर टू असेल आणि तुमचे उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर अर्ज मागून घ्या आणि याच आठवड्यात भरून पाठवा.

आपली,
एक पाळणाघरचालक, एडिसन, न्यू जर्सी