श्रवणतज्ज्ञ ताईंना अनावृत आभार पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या मित्राची श्रवणचाचणी आपल्याकडे पुन्हा झाली आणि आलेखावरची 4000 हर्ट्झजवळची खोच (मोठ्या आवाजाने ऐकू येणे कमी झाल्याची खूण) पहिल्या चाचणीत होती तेवढीच आहे, वाढलेली नाही, असे आपण सांगितलेत. बाहेर आल्यावर तो धंतोलीच्या त्या गर्दीत स्कूटरची किल्ली हातात धरून बराच वेळ नुसता उभा होता. आपले आभार तेव्हाच मानायला हवे होते, ते राहून गेले. हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहे, कारण कानात रातकिडे किरकिरत असताना कोणाला न सांगता दिवस काढणारे वादक नागपुरात आणखीही असतील.

मित्राने वीस वर्षे ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवला. वसंतराव देशपांडे सभागृहापासून लग्नाच्या लॉनपर्यंत सगळीकडे वाजवला आणि कानाला संरक्षण म्हणून कधी काही लावले नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती. कॉलेजात असताना आम्ही 'रॉक मशीन'च्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्या (हाच बँड 1993 मध्ये 'इंडस क्रीड' झाला) आणि मुंबईच्या रंगभवनात 1986 साली सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक संगीत महोत्सवाला एकदा तरी बरोबर जायचे, असे ठरवून टाकले होते. आधी पैसे नव्हते, मग रजा नव्हती, आणि पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनच अशा कार्यक्रमांना बंद झाले. काही वर्षांच्या खंडानंतर हा महोत्सव नोव्हेंबर 2022 मध्ये माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर पुन्हा भरणार असल्याचे कळले, तेव्हा मित्राच्या उजव्या कानात सतत शिट्टी वाजू लागून वर्ष उलटले होते. आधी ज्यांना दाखवले त्यांनी, यापुढे असल्या ठिकाणी पाऊल टाकू नका, एवढे सांगून चिठ्ठी हातात ठेवली. सल्ला काळजीपोटीच असेल, पण त्या संध्याकाळी त्याने ड्रमवर चादर टाकली, ती कित्येक महिने काढली नाही.

आपण मात्र पहिला प्रश्न विचारलात, "तिथे तुम्हाला नेमके काय ऐकायचे आहे?" तो म्हणाला, "सिम्बल," म्हणजे ड्रमच्या संचातली धातूची थाळी. मग आपण समजावलेत की कानात घालायचे स्पंजचे साधे बोळे वरच्या पट्टीतला आवाज जास्त कापतात, त्यामुळे सिम्बल हरवते आणि नुसता धपधपाट उरतो, त्याऐवजी कानाच्या मापाचे, सगळ्या पट्ट्यांतला आवाज जवळपास सारखाच सुमारे 15 डेसिबलने उतरवणारे फिल्टरचे बोळे बसवता येतात. दोरा बांधलेला इवलासा स्पंज कानात आत सरकवून आपण पिचकारीने गुलाबी सिलिकॉन भरलेत आणि काही मिनिटांनी साचा हलकेच बाहेर काढलात. आपल्या कानाच्या आतले वळण त्याने आयुष्यात पहिल्यांदा तळहातावर घेऊन पाहिले. 85 डेसिबलचा आवाज कानाला दिवसात आठ तास चालतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे, हा हिशेब आपण चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मांडून दिलात. 100 मधून 15 गेले की पुन्हा 85 उरतात, हे पाहून तो हरखला, तेव्हा हा कागदावरचा हिशेब आहे, कानात बोळा नीट बसला नाही तर तो कोसळतो, असे आपणच बजावलेत. आवाज टिपणाऱ्या, कानाच्या आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत आणि शिट्टी थांबेल असे वचन मी देणार नाही, हेही आपण स्पष्ट सांगितलेत. त्या स्पष्टपणामुळेच आमचा आपल्यावर विश्वास बसला.

विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला गेलो. आपल्या सूचनेप्रमाणे स्पीकरच्या भिंतीपासून लांब, ध्वनिमिश्रणाच्या टेबलामागे उभे राहिलो आणि दर तासाला मैदानाच्या कडेला जाऊन कानांना विसावा दिला. अंधार पडल्यावर एका बँडच्या ड्रमरने सगळे थांबलेले असताना राइड सिम्बलच्या मधल्या घुमटावर काठीचे टोक वाजवले. मित्राने माझे मनगट घट्ट धरले. तो स्वर विरेपर्यंत त्याने ते सोडले नाही, आणि मला एवढेच म्हणाला, "पूर्ण ऐकू आली रे."

रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, त्यामुळे आम्ही वेळेत मुक्कामी पोचलो. खरी परीक्षा तिथल्या शांततेत होती. दिवा मालवून तो शिट्टीकडे कान लावून पडला होता आणि मीही जागाच होतो. पहाटे तो म्हणाला, "आहे, पण होती तेवढीच आहे."

परतल्यावर त्याने चादर काढली. आता लक्ष्मीनगरातल्या घरी तीन मुले त्याच्याकडे ड्रम शिकतात आणि कानात बोळे घातल्याशिवाय तो त्यांच्या हाती काठ्या देत नाही. डाव्या कानाचा साचा नीट न बसल्याने आपण दुसऱ्यांदा माप घेतलेत आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, हे तो त्या मुलांना नेहमी सांगतो. त्यांतल्या थोरल्या मुलीलाही कानाच्या मापाचे बोळे हवे आहेत. पुढच्या महिन्यात तिला घेऊन आम्ही दोघे आपल्याकडे येतो.

आपला ऋणी,
आपल्या ड्रमवादक रुग्णाचा मित्र
नागपूर