वॉर्डाबाहेरच्या मावशींना

मावशी, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

जुलैत सोलापुरात बाबा आयसीयूत होते. घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी नऊ वर्षं अबोला, त्यामुळे त्याला कळवायचंच नाही असं मी ठरवलं होतं. चर्चची पायरीही तेव्हापासून चढले नव्हते. तुमचा स्वतःचा पेशंट आत होता, तरी रात्री दोनला तुम्ही डब्यातली कडक भाकरी मोडलीत, वर शेंगाचटणी घातलीत आणि अर्धी माझ्या हातावर ठेवलीत. "आधी खा गं." दिवसभरातला तो माझा पहिला घास.

मग मी सगळं बोलून गेले. तुम्ही उपदेश केला नाहीत. एवढंच म्हणालात, बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप घर सोडून गेलेल्या मुलाची माफी ऐकायला थांबत नाही, परतणारा मुलगा दूर असतानाच त्याच्याकडे धावत सुटतो. माझा हात धरून हळू आवाजात प्रार्थना केलीत आणि माझा फोन माझ्यापुढे सरकवलात.

भाऊ सकाळी पोचला. बाबांनी त्याला ओळखलं. चौथ्या दिवशी ते प्रभूघरी गेले.

घराचा विषय अजून अवघड जातो. पण रविवारी आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो. तुमच्या पेशंटसाठी रोज प्रार्थना करते, मावशी. मनापासून आभार.