आजीच्या काढ्याची परवानगी

घोलवड

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

वनस्पतींच्या अभ्यासासाठी तू मेक्सिकोतील चियापासच्या डोंगराळ भागात, त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या माया लोकांच्या गावांत जाणार आहेस, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तो मुलूख तुला अगदीच परका वाटणार नाही. आपल्या वाडीतला चिकू मूळचा माया प्रदेशातलाच. हगवण लागली की तिथे पेरूची पाने आणि साल उकळून देतात, आणि लहानपणी आजीने तुलाही पेरूच्या कोवळ्या पानांचाच काढा पाजला होता. अशी घरगुती औषधे तिथल्या आयाबायांना ठाऊक असतात; दुखणे त्यापलीकडचे वाटले तर ‘इलोल’कडे, म्हणजे ‘पाहणाऱ्या’कडे, जातात. तो मनगटाची नाडी धरून निदान करतो. मात्र ही आपलीच नाडीपरीक्षा असे समजू नकोस. तिथे वात-पित्त-कफ नाहीत, तर भयाने शरीर सोडून गेलेल्या ‘चुलेल’चा, आत्म्याचा, शोध असतो. झाडाचा गुण टिपून घेताना हा भाग गाळलास, तर त्यांची विद्या अर्धीच हाती येईल.

याच गावांत 1998 साली अमेरिकी सरकारच्या निधीतून औषधी वनस्पतींचा मोठा प्रकल्प सुरू झाला होता. त्यातील संशोधक लबाड नव्हते. वर्षानुवर्षे तिथे काम केलेल्या त्या अभ्यासकांनी गावोगावी संमती घेतली होती, लाभातला वाटाही देऊ केला होता. तरीही देशी वैद्य आणि सुईणींच्या संघटनांनी विचारले, की जे ज्ञान साऱ्यांचे आहे, त्याला एकट्या गावाने होकार कसा द्यायचा? 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट 1995 साली अमेरिकेत दिले गेले, तेव्हा आपल्यालाही असेच लागले होते, डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते 1997 मध्ये रद्द करवले. ज्यांची विद्या तोंडीच चालत आली आहे, त्यांनी कोणता ग्रंथ पुढे ठेवावा?

म्हणून वहीत झाडाचे नाव लिहिण्याआधी ते कोणी सांगितले आणि पुढे कोणाला सांगायची मुभा दिली, हे लिही. नकार मिळाला तर ते पान कोरे ठेव.

तिथल्या कोणी आपल्याकडचे औषध विचारले, तर आजीचा काढा खुशाल सांग. मी तिला विचारले आहे. ती हो म्हणाली.

तुझी,
आई