मावशी, त्या सकाळी तुम्ही सावरीखाली झाडलं नाहीत, त्याबद्दल

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर वाचत बसत नाही असं म्हणाला होतात, म्हणून हे पत्र तुमच्या लेकीकडे पाठवते आहे. ती रात्री वाचून दाखवेल. आणि चार लोकांनीही वाचावं म्हणून ते सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही आजीसाठी जे केलंत ते आमच्या घरापुरतंच राहावं, हे मला पटत नाही. त्या दिवशी मला धड आभारही मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता आणि तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत कचऱ्याची ढकलगाडी घेऊन पुढच्या गल्लीत झाडायला निघूनही गेलात.

दिवाळीनंतर आजी घरातच पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम भरली, पण चालणं सुटलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिच्या पलंगावरून खिडकीबाहेर शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते, आणि त्या भिंतीवर टांगलेले एसीचे डबे. अख्खा जन्म जिने भोरच्या डोंगरात काढला, तिच्या वाट्याला म्हातारपणी हे आलं.

मला मात्र वसंत रोज भेटत होता, मागायची गरजच नव्हती. कॉलेजला जाताना पिंपळाची तांबूस पालवी दिसायची. दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना बाहेर तांबट पक्ष्याची टुकटुक अखंड सुरू असायची. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वनस्पतीशास्त्र घेऊन. म्हणजे आमचा अभ्याससुद्धा या दिवसांत झाडाखालीच असतो. प्रॅक्टिकल आटोपलं की मैत्रिणींबरोबर कट्ट्यावर बसायचं, बाळकैऱ्या तिखटमीठ लावून खायच्या, एकमेकींची जर्नलं उतरवायची, आणि ऊन उतरलं की टेकडीवर चक्कर. रोजचंच सगळं.

आजी रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय फुललं गं?" मी सांगायची. टेकडीवर पांगारा लागलाय. कॉलेजमागच्या आंब्याला मोहर दाटलाय. पळस अजून कळ्यांतच आहे. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "आणि सावर?" काटेसावर फुलली हे मी मुद्दाम मोठ्या उत्साहानं सांगितलं, मोबाइलवर फोटोही दाखवले. तिनं "छान आहे हो" म्हटलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला. त्या "छान आहे हो"नं मला रात्रभर झोप लागली नाही.

आजीच्या माहेरी घराच्या मागेच सावर होती. सावर लाल झाली की शिमगा आला, असं तिचं पंचांग. झाडाला एकही पान नसतं, नुसती फुलं. पाच जाड पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका. पहाटे ती फूल खाली पडल्याचा थप्प आवाज अंथरुणातून ऐकायची. चैत्र-वैशाखात बोंडं उकलली की त्यातला रेशमी कापूस गोळा करून तिची आई उश्या भरायची. तशी एक उशी आमच्याकडे अजून आहे, आजी तिच्यावरच झोपते. तिला एकदा सावरीखाली न्यायचं, एवढंच आम्ही ठरवलं होतं. फार मोठं मागणं नव्हतं ते.

पण ते ज्यांच्याकडे मागितलं त्यांचं सांगायलाच हवं.

एका उद्यानात भली मोठी सावर आहे. तिथल्या फाटकाला दुचाकी शिरू नये म्हणून लोखंडी नळ्या वाकवून बसवल्या आहेत. चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. शेजारचं मोठं फाटक उघडा म्हटलं तर रखवालदार म्हणाला, ते फक्त साहेबांची गाडी आली की उघडतात. एका सोसायटीच्या आवारात झाड आहे. तिथल्या सेक्रेटरींनी आम्हाला उभंही केलं नाही. बाहेरच्यांनी आत यायचं नाही, विषय संपला. एका शैक्षणिक संस्थेत सांगितलं, अर्ज द्या, आठवडाभरात कळवू. आठवडाभरात सावर झडून जाते हो. आजी रिक्षात बसून हे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "राहू दे, तुमच्या परीक्षा तोंडावर आहेत." तिला स्वतःचा भार वाटायला लागला होता, आणि तसं वाटायला लावणारी माणसं आपापल्या खुर्चीत निवांत बसली होती. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

माझा एक मित्र लॉ करतो. त्यानं सांगितलं की दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. त्याचे नियम २०१७ मध्ये आले आणि आधीपासूनच्या सार्वजनिक इमारतींत सगळ्यांना जाता-येता यावं म्हणून पाच वर्षांची मुदत दिली होती. ती मुदत कधीच सरली. कायदा लिहिणाऱ्यांनी विचार केला होता, अंमल करणाऱ्यांनी केला नाही. ज्यांच्या हातात फाटकाच्या किल्ल्या होत्या त्यांनी "नाही" म्हटलं. तुमच्या हातात फक्त खराटा होता, मावशी.

तुमच्या बीटवरच्या, म्हणजे तुम्हाला झाडायला नेमून दिलेल्या भागातल्या, त्या गल्लीत सावर आहे हे आम्हाला माहीतही नव्हतं. रिक्षावाल्या काकांनीच आमचे उतरलेले चेहरे बघून रिक्षा तिकडे वळवली. तोवर दुपार झाली होती. फुलं केव्हाच झाडून झाली होती, गाड्यांखाली चिरडलेली दोन-चार तेवढी उरली होती. फूटपाथ उखडलेला, त्यात खडीचा ढीग. आजीनं रिक्षातूनच मान वर करून पाहिलं. छपरामुळे तिला खोडाच्या वरचं काही दिसत नव्हतं. तुम्ही पलीकडे पायरीवर डबा खात बसला होतात. हात धुऊन उठून आलात आणि विचारलंत, "कुनाला शोधताय?"

आम्ही सांगितलं. तुम्ही एकदा झाडाकडे बघितलंत, एकदा आजीकडे, आणि म्हणालात, "आज्जी, उद्या सकाळी साडेसाच्या सुमाराला या. उद्या मी हितलं झाडत न्हाई." बस. ना अर्ज, ना ओळखपत्र.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो. माझ्या मित्रमैत्रिणींनी खुर्चीसकट आजीला तीन मजले खाली उतरवलं. आई पुढे पाण्याची बाटली आणि शाल घेऊन, बाबा मागे "जपून, जपून" करत. तिला उचलून आणणाऱ्यांपैकी एकाचा त्याच दिवशी दुपारी पेपर होता. हेही मला लिहून ठेवायचं आहे, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही.

आणि गल्लीत वळल्यावर जे दिसलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

बाकीची गल्ली तुम्ही लख्ख झाडून ठेवली होती. खडीचा ढीग फावड्यानं बाजूला सारून खुर्चीपुरती वाट केली होती. आणि झाडाखाली लाल फुलांचा सडा जसाच्या तसा होता. मी खाली वाकले तेव्हा लक्षात आलं की त्यात एकही गुटख्याची पुडी नाही, चहाचा कप नाही, सिगारेटचं थोटूक नाही, प्लॅस्टिकची पिशवी नाही. रोज त्याच जागी किती कचरा असतो ते आदल्या दिवशी आम्ही पाहिलं होतं. खराटा फिरवला असता तर फुलंही गेली असती. म्हणजे तुम्ही अंधारात येऊन, खाली बसून, फुलांमधला कचरा हातानं वेचून काढला होतात. एकेक. फुलं तेवढी ठेवलीत.

तुम्ही हे बोलून दाखवलं नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "म्हाताऱ्या माणसाच्या हाताला घान लागू ने." मावशी, आजीला झाड दाखवायची धडपड आम्ही सगळेच करत होतो, पण ती फुलं उचलेल, तिचे हात खाली जातील, हे फक्त तुमच्या डोक्यात आलं होतं. मी झाडांचा अभ्यास करते. सावरीची फुलं रंगानं आणि भरपूर मकरंदानं पाखरांना बोलावतात, त्यावर कोण कोण येतं, हे मी परीक्षेत पानभर लिहीन. पण तिच्या फुलांत हात घालणाऱ्या माणसाचा विचार कसा करायचा, ते मी तुमच्याकडून शिकले.

आजी त्या सड्यात तासभर बसली. वर साळुंक्या आणि पळसमैनांचा नुसता कालवा चालला होता, एक खार फुलात तोंड खुपसून बसली होती. आजीनं एक फूल उचललं, देठाकडची जाड वाटी दाबून बघितली, पाकळ्या गालाला लावल्या. मग पदर पसरला आणि आम्हा सगळ्यांना कामाला लावलं, "ते आण, ते नको, ते चेपलंय." दिवाळीनंतर पहिल्यांदा ती कोणाला तरी हुकूम सोडत होती. आई तिकडे तोंड फिरवून उभी राहिली.

मध्येच तुमचा मुकादम आला. त्याला गल्लीचा फोटो काढून वर पाठवायचा होता आणि फोटोत फुलं दिसत होती. त्यानं आवाज चढवला. तुम्ही कंत्राटावर आहात, अर्धा दिवस कापला तर घरात काय होतं ते तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही खराटा टेकवून शांतपणे म्हणालात, "आज्जी उठल्या की झाडते. तवर थांबा." तो थांबला. नाइलाजानं असेल, पण थांबला. नंतर फोटोसाठी त्यानं उभं राहायची जागा बदलली, हेही मी पाहिलं, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही.

तुम्ही आणि आजी मग किती वेळ बोलत होतात! तुमच्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात लातूरकडून पुण्याला आल्या, खडी फोडायच्या कामावर राहिल्या, हे तुम्ही आम्हाला नाही, आजीला सांगितलंत. तिनंही त्याच दुष्काळातली मिलोची, म्हणजे तेव्हा रेशनवर मिळालेल्या परदेशी लाल ज्वारीची, भाकरी सांगितली. मी इतकी वर्षं तिच्याजवळ राहते, मला ती भाकरी माहीत नव्हती. तुमच्यामुळे कळली.

चांगुलपणा कुठे उरलाय, असं लोक फार सहज बोलतात. माझ्यासमोर आता कुणी तसं बोललं की मी भांडते. वाट वाकडी करून त्या गल्लीत नेणारे आणि परतीचं भाडं न घेणारे रिक्षावाले काका मी पाहिलेत. पेपरच्या दिवशी खुर्ची उचलणारा मित्र पाहिलाय. पहाटे कचरा वेचणाऱ्या तुम्हाला पाहिलंय. असल्या माणसांच्या हातात फाटकांच्या किल्ल्या का नसतात, हा प्रश्न मात्र मला छळतो, आणि त्या उद्यानाच्या फाटकाचा अर्ज माझा लॉवाला मित्र आणि मी मिळून दिलेला आहे. फाटक उघडेपर्यंत आम्ही मागे लागणार.

आता आजीचा निरोप. ती शेजारी बसून सांगते आहे आणि मी लिहिते आहे. पाडवा झाला की आमच्याकडे चैत्रगौर बसते. हळदीकुंकवाला तुम्ही यायचं आहे. लेकीलाही आणायचं. आंब्याची डाळ आजी स्वतः करणार आहे, पलंगावर बसून, आईनं फक्त कैरी किसून द्यायची असा करार झालाय. पन्हं भरपूर असेल. दुपारी तुमचं काम सुटतं, त्यानंतरची वेळ ठेवली आहे. मी गल्लीच्या तोंडाशी घ्यायला येईन, तीन मजले चढायचे आहेत, सावकाश चढू. आणि बोंडं उकलायला लागली की कळवा असं ती म्हणते. तुमच्या झाडाचा कापूस आला की एक उशी तुमच्या नावाची भरायची आहे, अभ्रा तिनं आत्ताच शिवायला टाकलाय.

कळावे,

तुमची,
खुर्चीवाल्या आजींची नात